राणाच्या प्रत्यर्पणात अमेरिकी न्यायालयांनी काय ठरवले, काय नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२६/११ च्या मुंबई हल्ल्यातील आरोपी तहव्वूर राणाला १० एप्रिल २०२५ रोजी दिल्लीत उतरवले. तेव्हापासून त्याच्या खटल्यात काही हालचाल झाली की मराठी वृत्तपत्रांत तीन विधाने ठरल्यासारखी छापून येतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला भारताच्या ताब्यात देण्याचा आदेश दिला, हे पहिले. अध्यक्ष ट्रम्प यांनी निर्णय घेतला म्हणून तो मिळाला, हे दुसरे. आणि आता पाळी त्याचा साथीदार डेव्हिड हेडलीची, हे तिसरे. तिन्ही विधाने चूक आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. त्यांच्या घरच्यांनी सोळा वर्षे वाट पाहिली. ही वर्षे कुठे गेली याचा खरा हिशेब त्यांना मिळायला हवा. शिवाय समजूत चुकली की मागणीही भलत्याच दारात जाते, आणि पुढचा आरोपी मागताना आपण त्याच जागी अडकतो. म्हणून पत्र लांबले तरी छापावे, ही विनंती.

२१ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राणाची याचिका सुनावणीस घेण्याचे नाकारले. घडले ते इतकेच. तिथे सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा सरसकट हक्क नाही. दरवर्षी येणाऱ्या हजारो याचिकांतून न्यायालय मोजकी प्रकरणे स्वतः निवडते. नकाराला सहसा कारणे दिली जात नाहीत आणि त्यातून खालचा निकाल बरोबर ठरला असाही अर्थ निघत नाही. तो कायम राहतो, एवढेच. खरा निकाल नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या, अपील न्यायालयाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी दिला. तीन न्यायमूर्तींच्या पीठाच्या वतीने न्या. मिलन स्मिथ यांनी तो लिहिला. भारताने यापुढे अमेरिकेकडे कोणाचीही मागणी केली, तर वाचावा लागणार आहे तो हाच निकाल. आपल्याकडे त्याची बातमी आली आणि विरून गेली.

मुळात पेच काय होता? राणाला १८ ऑक्टोबर २००९ रोजी शिकागोत अटक झाली. तो पाकिस्तानी लष्करात डॉक्टर होता, पुढे कॅनडाचा नागरिक झाला आणि शिकागोत स्थलांतरितांचे कागदपत्र करून देणारी संस्था चालवत होता. त्याचा शाळेपासूनचा मित्र डेव्हिड हेडली याने याच संस्थेची मुंबई शाखा म्हणून ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये कार्यालय थाटले आणि त्याआड मुंबईतील ठिकाणांची टेहळणी केली. शिकागोतील खटल्यात ९ जून २०११ रोजी ज्युरीने राणाला दोन आरोपांत दोषी धरले: लष्कर-ए-तैयबाला मदत केल्याच्या आणि डेन्मार्कमधील वृत्तपत्रावर हल्ल्याच्या कटाला मदत केल्याच्या. मुंबई हल्ल्याला मदत करण्याच्या कटाच्या आरोपातून मात्र ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. जानेवारी २०१३ मध्ये चौदा वर्षांची शिक्षा झाली.

आता भारत आणि अमेरिका यांच्यातील प्रत्यर्पण करार पाहा. त्यावर २५ जून १९९७ रोजी सह्या झाल्या आणि २१ जुलै १९९९ पासून तो लागू आहे. त्याच्या सहाव्या अनुच्छेदात म्हटले आहे की ज्या गुन्ह्यासाठी मागणी आहे, त्याच गुन्ह्यात ज्या देशाकडे मागणी केली त्या देशात आरोपीचा दोष किंवा निर्दोषत्व ठरलेले असेल, तर प्रत्यर्पण होणार नाही. राणाच्या वकिलांचा सारा भर यावर होता. मुंबई हल्ल्याबद्दल शिकागोत निर्दोष सुटलेल्या माणसाला त्याच हल्ल्यासाठी भारतातील खटल्यात कसे पाठवता, हा त्यांचा सवाल होता आणि तो हलका नव्हता. आपल्याकडे याला कायद्याची पळवाट म्हणून झटकले गेले. तसे नाही. एकाच गोष्टीसाठी दोनदा खटला नको, हे तत्त्व आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदातही आहे.

अपील न्यायालयाने उत्तर दिले ते असे. करारातील ‘गुन्हा’ म्हणजे आरोपीने केलेली सगळी कृत्ये नव्हेत, तर कायद्याच्या ज्या कलमाखाली आरोप आहे ते कलम. म्हणून तुलना घटनेची करायची नाही, कलमांच्या घटकांची करायची. त्याच सहाव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या भागात, जिथे खटलाच न भरण्याचा निर्णय झाला असेल त्या प्रसंगासाठी, ‘कृत्ये’ असे वेगळे म्हटले आहे. तेव्हा दोन्हींचा अर्थ एकच असता तर दोन वेगळ्या संज्ञा वापरल्या नसत्या. कलमांच्या घटकांची तुलना करण्याची ही पद्धत अमेरिकेत १९३२ च्या ब्लॉकबर्गर खटल्यापासून रुळलेली आहे.

तुलना करून पाहिली की मुद्दा स्पष्ट होतो. शिकागोत आरोप होता दहशतवादी कृत्याला साहाय्य पुरवण्याच्या कटाचा. तो गुन्हा सिद्ध व्हायला कोणी मरावे लागत नाही. जाणूनबुजून मदत द्यायचे ठरले की पुरे. भारताने लावलेली कलमे देशाविरुद्ध युद्ध पुकारणे, खून, दहशतवादी कृत्य, त्यांचा कट, तसेच फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज करणे आणि तो खरा म्हणून वापरण्याचा कट अशी आहेत. खुनाला मृत्यू लागतो. युद्ध पुकारण्याला भारत सरकारविरुद्धची कारवाई लागते. बनावट दस्तऐवजाला दस्तऐवज लागतो. यांतला एकही घटक शिकागोच्या त्या आरोपात नव्हता. म्हणून सहावा अनुच्छेद आड येत नाही.

बनावट दस्तऐवजाच्या कलमाकडे जरा निरखून पाहावे, कारण एवढ्या मोठ्या हत्याकांडात ते किरकोळ वाटते. ताडदेवचे कार्यालय परदेशी संस्थेची शाखा म्हणून रीतसर उघडायचे तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. त्यासाठी बँकेकडे अर्ज गेला आणि त्यात खोटी माहिती दिली, असा आरोप आहे. शिकागोच्या आरोपपत्रात हा अर्ज नव्हताच. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या सॉलिसिटर जनरलनी सर्वोच्च न्यायालयात जे उत्तर दाखल केले, त्यात त्यांनी नेमके याकडेच बोट दाखवले: राणाच्या वकिलांचा अर्थ धरला आणि कृत्यांची तुलना केली, तरीही हे कृत्य शिकागोत तपासलेच गेले नव्हते. मुंबईतल्या एका सरकारी फायलीतला हा कागद त्या प्रतिवादात बंदुका आणि बॉम्ब यांच्याइतकाच वजनदार ठरला. तपास करणाऱ्याने तो शोधला, जपला आणि त्यावर स्वतंत्र कलम लावले, याचे श्रेय द्यायलाच हवे.

राणाच्या वकिलांचा सर्वांत तगडा युक्तिवाद हेडलीच्या करारावर उभा होता. मार्च २०१० मध्ये हेडलीने गुन्हा कबूल केला, तेव्हा अमेरिकी सरकारने त्याला लिहून दिले की त्याने ज्या गुन्ह्यांची कबुली दिली आहे त्यांसाठी, त्यांत मोडणाऱ्या कृत्यांसह, त्याला भारत, पाकिस्तान किंवा डेन्मार्कला सोपवणार नाही. मग हेडलीच्या बाबतीत कृत्ये मोजता आणि राणाच्या बाबतीत कलमे, हे कसे? न्यायालयाने म्हटले की एका आरोपीशी झालेली देवघेव म्हणजे दोन देशांतील कराराचा अधिकृत अर्थ नव्हे. निकाल आपल्या बाजूने लागला, पण हा प्रश्न दुसऱ्या एखाद्या सर्किटमध्ये पुन्हा उभा राहू शकतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो सोडवलेला नाही. नवव्या सर्किटचा निकाल पश्चिमेकडील राज्यांपुरताच बंधनकारक आहे. न्यूयॉर्क किंवा शिकागोतल्या आरोपीच्या वेळी तेथील न्यायालये वेगळा अर्थ लावू शकतात.

आता वेळेचा हिशेब. अटकेपासून जून २०२० पर्यंतची पावणेअकरा वर्षे राणा अमेरिकेच्या स्वतःच्या खटल्यात आणि शिक्षेत होता. करोनाच्या काळात तब्येतीच्या कारणावरून त्याला मुदतीआधी सोडले आणि भारताच्या विनंतीवरून १० जून २०२० रोजी पुन्हा धरले. तिथून हवाली करण्यापर्यंत चार वर्षे दहा महिने. त्यातली जवळजवळ तीन वर्षे पहिल्याच पायरीवर गेली. लॉस एंजेलिसच्या दंडाधिकारी न्यायाधीश जॅकलिन चूलजियन यांच्यापुढे जून २०२१ मध्ये सुनावणी झाली आणि आदेश आला १६ मे २०२३ रोजी. नंतरचे टप्पे तुलनेने झपाट्याने गेले: जिल्हा न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कोठडीच्या वैधतेला आव्हान देणारा, अर्ज फेटाळला, अपिलाला एक वर्ष लागले, सर्वोच्च न्यायालयातील नकाराला पाच महिने. म्हणजे ‘अपिलांवर अपिले करून त्याने सोळा वर्षे खेळवले’ हे खरे नाही.

खरे दुखणे आधीच्या पावणेअकरा वर्षांत आहे. कराराच्या चौदाव्या अनुच्छेदात तात्पुरत्या हवालीची सोय आहे. आरोपी तिकडे शिक्षा भोगत असला, तरी त्याला खटल्यापुरते इकडे पाठवता येते आणि खटला संपल्यावर परत न्यावे लागते. आपल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेने, म्हणजे एनआयएने, डिसेंबर २०११ मध्ये राणा आणि हेडलीसह इतरांवर आरोपपत्र ठेवले होते. ज्या अटक वॉरंटवर पुढे प्रत्यर्पण झाले, ते मात्र २८ ऑगस्ट २०१८ चे आहे. या सात वर्षांत तात्पुरत्या हवालीचा मार्ग राणासाठी उघडला गेला नाही. अमेरिकेने ती दिलीच असती असे नाही, तो त्यांच्या मर्जीचा भाग आहे. पण आरोपी तुरुंगात आहे, कुठे पळत नाही, म्हणून मागणीची घाई नाही, ही समजूत महाग पडली. साक्षीदार म्हातारे होतात, अधिकारी निवृत्त होतात, ईमेलचे सर्व्हर बदलतात.

पहिल्या पायरीवर काय लागते, तेही सांगतो, कारण महाराष्ट्र पोलिसांच्या कामाचा संबंध तिथेच येतो. मागणी पोलीस करत नाहीत. तपास यंत्रणेचा प्रस्ताव गृह खात्यामार्फत परराष्ट्र मंत्रालयाच्या सीपीव्ही (कॉन्सुलर, पासपोर्ट व व्हिसा) विभागाकडे, तिथून वॉशिंग्टनच्या दूतावासातून अमेरिकी परराष्ट्र खात्याकडे, मग न्याय खात्याकडे आणि शेवटी आरोपी राहतो त्या जिल्ह्यातील सरकारी वकिलाकडे जातो. तो वकील भारताच्या वतीने उभा राहतो. आपल्याला तिथे वेगळा वकील लावावा लागत नाही. तातडी असेल तर आधी अटक मागता येते, पण मग साठ दिवसांत पूर्ण प्रस्ताव पोहोचला नाही तर आरोपी सुटू शकतो. कागदपत्रांवर दिल्लीतील अमेरिकी दूतावासाचे प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर उत्तम पुरावाही वादात सापडतो.

प्रस्तावात आरोपीची ओळख, घटनाक्रम, लावलेल्या कलमांचा पूर्ण मजकूर, शिक्षेची तरतूद, वॉरंटची प्रत, आरोपपत्र आणि ‘हाच गुन्हा अमेरिकेत घडला असता तर खटल्यासाठी पाठवण्याइतका आधार आहे’ हे दाखवणारी माहिती द्यावी लागते. शेवटच्या बाबीतच आपले प्रस्ताव लटपटतात. हजारो पानांचे आरोपपत्र जसेच्या तसे जोडले की काम झाले, असे आपल्याकडे वाटते. अमेरिकी न्यायाधीश ते वाचून स्वतः धागे जुळवत बसत नाही. त्याला तपास अधिकाऱ्याचे एक नेटके प्रतिज्ञापत्र हवे असते, ज्यात प्रत्येक कलमाच्या प्रत्येक घटकापुढे कोणता पुरावा आहे आणि तो कोणत्या पानावर आहे हे लिहिलेले असेल. पोलिसांपुढचा जबाब आपल्या कायद्यानुसार साक्षीदाराच्या सहीविना असतो. हे तिकडच्या वाचणाऱ्याला ठाऊक नसते आणि बचावाचा वकील लगेच त्यावर बोट ठेवतो. तेव्हा आपला कायदा सही घेऊच देत नाही, हे प्रतिज्ञापत्रात एका परिच्छेदात सांगून टाकावे, आणि महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवून घ्यावा. मराठी पंचनाम्याचे इंग्रजी भाषांतर मूळ पानाशी ओळीने जुळणारे हवे. भाषांतरात एक तारीख चुकली, की सगळ्या कागदांवर संशय घेण्यास जागा मिळते. करारानुसार भाषांतराचा खर्च मागणाऱ्याचाच आहे, तेव्हा तिथे काटकसर करण्यात काही अर्थ नाही.

आरोपीला या सुनावणीत फार वाव नसतो, ही आपल्या फायद्याची बाजू आहे. दोष ठरवायचा नसतो. सकृद्दर्शनी आधार आहे की नाही एवढेच पाहायचे असते. ऐकीव पुरावा चालतो. आरोपी आपल्या बाजूने खुलासा देऊ शकतो, पण फिर्यादीच्या पुराव्याला छेद देणारा पुरावा त्याला मांडता येत नाही. हा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये ज्या कॉलिन्स खटल्यात पक्का केला, तो खटला मुंबईतूनच गेला होता. मुंबईच्या जवाहिऱ्याकडून मोत्याचा ऐवज फसवून नेल्याचा आरोप असलेला माणूस न्यू ऑर्लिन्समध्ये सापडला आणि ब्रिटिश वकिलातीने त्याची मागणी केली. निकाल न्या. ब्रँडाइस यांनी लिहिला आणि आजही प्रत्यर्पणाच्या निकालपत्रांत त्याचा हवाला येतो. ज्युरीने एका आरोपातून सोडले तरी सकृद्दर्शनी आधार शिल्लक राहू शकतो, हेही राणाच्या प्रकरणात यातूनच पुढे आले. संशयापलीकडे सिद्ध न होणे वेगळे आणि खटला चालवण्याजोगा आधार नसणे वेगळे.

दंडाधिकारी न्यायाधीशाच्या आदेशावर अपील नसते. आरोपी फक्त हेबियस कॉर्पसचा अर्ज करू शकतो, आणि सरकार हरले तर तेही अपील न करता नव्याने अर्ज करू शकते. भारताचा एखादा प्रस्ताव फेटाळला गेला तर तो विषय संपला, असे म्हणूनच मानू नये. त्रुटी भरून पुन्हा जाता येते.

न्यायालयाने ‘पाठवता येईल’ असा दाखला दिल्यावर पाठवायचे की नाही हे परराष्ट्रमंत्री ठरवतात. राणाच्या बाबतीत मार्को रुबिओ यांनी ११ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्णय घेतला. ट्रम्प यांनी पंतप्रधान मोदी यांच्या शेजारी उभे राहून घोषणा केली ती १३ फेब्रुवारीला. म्हणजे कायद्याने लागणारी सही दोन दिवस आधीच झाली होती. त्या सहीपर्यंत प्रकरण ज्यांनी नेले ते लॉस एंजेलिसचे सरकारी वकील, न्याय खात्यातील अधिकारी आणि आपल्याकडचे कागद तयार करणारे लोक. राजकीय इच्छाशक्ती नको असे कोण म्हणेल? पण न्यायालयाचा दाखला नसता तर कोणत्याही अध्यक्षाला त्याला विमानात बसवता आले नसते.

शेवटच्या दोन महिन्यांत राणाने छळाच्या भीतीचा मुद्दा काढला. पाकिस्तानी वंशाचा मुसलमान म्हणून भारतात छळ होईल आणि आजारपणामुळे आपण खटल्यापर्यंत जगणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील न्या. केगन यांनी ६ मार्चला अर्ज फेटाळला. तोच अर्ज सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्याकडे नेला, तोही ७ एप्रिलला नाकारला गेला. अमेरिकेत न्यायालये परदेशातील तुरुंगांची चौकशी करत नाहीत. तो विचार परराष्ट्रमंत्र्याने करायचा, अशी तिथली रीत आहे. या रीतीच्या भरवशावर मात्र राहू नये. लंडनमध्ये ती नाही. विजय मल्ल्यांच्या प्रकरणात २०१८ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी आर्थर रोड तुरुंगाच्या बारा नंबर बराकीची चित्रफीत मागवून पाहिली होती. राणा दिल्लीला येण्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी, २८ फेब्रुवारी २०२५ रोजी, लंडनच्या हायकोर्टाने शस्त्रास्त्र व्यवहारांतील सल्लागार संजय भंडारी यांचे प्रत्यर्पण नाकारले आणि त्यात तिहारमधील मारहाण व खंडणीचा धोका हे एक कारण दिले. आपल्या तुरुंगांची अवस्था हा केवळ माणुसकीचा प्रश्न उरलेला नाही. गर्दी, कोठडीतील मृत्यू, उपचारांची हेळसांड यांची प्रत्येक बातमी परदेशातील बचावाच्या वकिलाच्या फायलीत जाऊन बसते.

हवाली झाल्यावरही करार संपत नाही. सतराव्या अनुच्छेदाप्रमाणे ज्या गुन्ह्यांसाठी आणले त्यांवरच, किंवा त्याच तथ्यांतून निघणाऱ्या गुन्ह्यांवर खटला चालवता येतो. नव्या गोष्टीसाठी अमेरिकेची संमती लागते. आपल्या १९६२ च्या प्रत्यर्पण कायद्याचे कलम २१ हेच सांगते. मुंबईला हा धडा अबू सालेमने शिकवला आहे. पोर्तुगालला फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त शिक्षा नाही अशी हमी डिसेंबर २००२ मध्ये देऊन नोव्हेंबर २००५ मध्ये त्याला आणले, आणि नंतर ठरल्याहून जास्त कलमे लावली. लिस्बनच्या न्यायालयाने हमीभंग झाल्याचे ठरवले, आपल्याला काही आरोप मागे घ्यावे लागले, आणि शेवटी जुलै २०२२ मध्ये आपल्याच सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की २५ वर्षांची हमी केंद्राला पाळावी लागेल.

राणाच्या बाबतीत हा धोका मुंबईतच आहे. एनआयएने दिल्लीत जुलै २०२५ मध्ये पुरवणी आरोपपत्र दाखल केले. त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई गुन्हे शाखेनेही त्याच्यावर चारशेहून अधिक पानांचे आरोपपत्र इथल्या विशेष न्यायालयात ठेवलेले आहे; हल्ल्याच्या काही दिवस आधी तो पवईच्या हॉटेलात उतरला होता, हे त्यातले मुख्य कथन. प्रत्यर्पण झाले ते दिल्लीच्या वॉरंटवर. मुंबईच्या आरोपपत्रातील तथ्ये त्या वॉरंटच्या कक्षेत बसतात की नाही, याचे लेखी मत त्याला इथल्या न्यायालयात उभे करण्याआधी घ्यावे, आणि शंका असेल तिथे परराष्ट्र मंत्रालयामार्फत अमेरिकेची संमती मागावी. त्याला मुंबईत आणा ही मागणी भावनेने समजण्यासारखी आहे. पण ही पायरी चुकली तर बचावाला आयता मुद्दा मिळेल.

उरला हेडली. त्याला मागून काही होणार नाही. तो करार पाळतो आहे तोवर अमेरिकेला त्याला देता येत नाही, आणि जानेवारी २०१३ मध्ये झालेली ३५ वर्षांची शिक्षा तो भोगतो आहे. पण त्याच करारात त्याने लिहून दिले आहे की परदेशी न्यायालयाच्या कामकाजासाठी, अमेरिकेतच राहून, व्हिडिओद्वारे, शपथेवरील जबाबाद्वारे किंवा न्यायालयाच्या विनंतीपत्रावरून तो खरी साक्ष देईल. त्याच आधारावर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याची साक्ष पडद्यावर नोंदवली. ती साक्ष याच हल्ल्यातील दुसरा आरोपी अबू जुंदाल याच्या खटल्यातली आहे. राणा त्यात पक्षकार नव्हता, त्याला उलटतपासणीची संधी नव्हती, म्हणून ती त्याच्याविरुद्ध जशीच्या तशी वापरता येणार नाही. शिकागोत राणाच्या वकिलांनी हेडलीची उलटतपासणी घेतली होती, पण तिथे फिर्यादी अमेरिकी सरकार होते, त्यामुळे ती वापरण्यावरही वाद होईल. तेव्हा हेडलीची नवी साक्ष हवी. तिची मागणी प्रत्यर्पण कराराखाली होत नाही. ती ऑक्टोबर २००५ पासून लागू असलेल्या परस्पर कायदेशीर साहाय्याच्या कराराखाली, गृह मंत्रालयामार्फत करावी लागते. हेडली पासष्टीचा आहे आणि तुरुंगात आहे. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

त्याच मागणीत शिकागोतील ईमेल आणि फोनच्या नोंदींची प्रमाणपत्रेही मागवावी लागतील. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जुन्या पुरावा कायद्याचे कलम ६५ब, नव्या कायद्यातील कलम ६३, याखालचे प्रमाणपत्र लागते. ते बंधनकारक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक याचिकेत, खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात, निःसंदिग्धपणे सांगितले. एफबीआयने जप्त केलेल्या संगणकाची प्रत कितीही अस्सल असली, तरी ती काढणाऱ्या किंवा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची सही असलेले प्रमाणपत्र आपल्या नमुन्यात मिळाले नाही, तर ती पुराव्यात येताना अडेल. अमेरिकी प्रमाणपत्राचा मजकूर वेगळा असतो. म्हणून नमुना आपण करून पाठवावा आणि त्यावर सही मागावी. त्या अधिकाऱ्यांपैकी बरेच जण आता निवृत्तीच्या वयाचे असतील.

राज्याच्या गृह खात्याने मुंबई गुन्हे शाखेच्या आरोपपत्राबाबत काय ठरवले आणि केंद्रीय गृह मंत्रालयाने हेडलीच्या साक्षीची व प्रमाणपत्रांची मागणी पाठवली का, हे दोन प्रश्न आपल्या वार्ताहरांनी पुढच्या तारखेआधी विचारावेत.

आपला,
प्रत्यर्पण कायद्याचा एक अभ्यासक,
मुंबई